आठ वाजता कोण बघत होतं

मी टीव्हीखालचा डबा बोलतोय. टीव्ही नव्हे. तो आयुष्यभर बोलतच असतो, त्याचं ऐकायला सगळे आहेत. मी त्याच्या खालच्या फळीवर बसणारा, वहीएवढा, करड्या रंगाचा. समोर एक काचेची पट्टी आणि एक तांबडा दिवा. माझं काम एकच, या घरात आत्ता टीव्ही कोण बघतंय ते मोजायचं.

काही निवडक घरांतच मला ठेवतात. टीव्ही सुरू झाला की माझा तांबडा दिवा लुकलुकायला लागतो. म्हणजे मी विचारत असतो, "कोण आहे?" माझ्याबरोबर एक छोटा रिमोट येतो. त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक बटण असतं. बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. शेवटचं बटण पाहुण्यांसाठी. सगळे आकडे मी पहाटे कचेरीत पाठवतो. तिथली माणसं त्यावरून ठरवतात, कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली गुंडाळायची.

मला कान आहेत, हे मात्र त्या कचेरीत कुणाला ठाऊक नाही. बघणाऱ्यानं मालिकेला शिव्या घातल्या काय नि डोळे पुसले काय, माझ्या पट्टीवर तेवढंच उमटतं: एक नंबर, हजर. एवढं सगळं ऐकायचं आणि सांगायचं मात्र एवढंसं. माझ्यासारख्या बोलक्या स्वभावाच्या डब्याला हे किती जड जातं, ते तुम्हाला कळायचं नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना डोक्याला टोप्या घातलेल्या बायका बसल्या होत्या. एकीनं माझ्यात तारा जोडल्या, दुसरीनं झाकण बसवलं. शेवटच्या मुलीनं माझ्या रिमोटवरची सगळी बटणं दोन बोटांनी भराभर दाबून पाहिली, माझा दिवा लागला तशी म्हणाली, "हा ठीक आहे." आयुष्यात माझं झालेलं ते एकमेव कौतुक. मग आठ महिने गोदामात पडून राहिलो. एके दिवशी एका माणसानं मला पिशवीत घातलं आणि तीन जिने चढून एका घरात आणलं. तो दर महिन्याला माझी तपासणी करायला यायचा. घरातल्या बाई त्याला मोजणीवाले म्हणायच्या, तेव्हा आपणही तेच म्हणू.

घर दोन खोल्यांचं. त्यात दोन जावा राहायच्या. दोघा भावांनी मिळून ते घर घेतलेलं, आणि दोघेही भाऊ काही वर्षांच्या अंतरानं गेलेले. मूलबाळ कुणालाच नाही. थोरली इस्पितळात परिचारिका होती, चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेली. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणायची आणि जरा दबकून असायची. धाकटी एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर लावणं. तिचा आवाज इतका हळू, की पहिले दोन आठवडे मला वाटलं घरात एकच बाई आहे.

मोजणीवाल्यानं नियम सांगितले. हा डबा घरात आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. चार आठवड्यांहून जास्त कुणी बाहेरगावी गेलं तर कळवायचं. आणि जो खरोखर बघतोय त्याचंच बटण दाबायचं.

"चाळीस वर्षं रोग्यांची गुपितं पोटात ठेवली," थोरली म्हणाली, "तुमच्या डब्याचं काय घेऊन बसलात!"

थोरलीला एक नंबरचं बटण मिळालं, धाकटीला दोन नंबरचं. पण रिमोट असायचा थोरलीच्याच हातात. टीव्ही लागला की ती अंगठ्यानं एक, दोन अशी दोन्ही बटणं दाबून टाकायची. धाकटी शेजारच्या खुर्चीत वाटाणे सोलत किंवा कुणाचं तरी बटण शिवत बसलेली असायची. स्वतःचं बटण मात्र तिनं कधी दाबलं नाही. तसं पाहिलं तर त्या घरात तिच्या वाटचं बरंचसं थोरलीच करून टाकायची.

दोघींत भांडण फक्त आठ वाजता व्हायचं. एका वाहिनीवर तेव्हा इस्पितळाची मालिका, दुसरीवर एका होडीवाल्याची. मालिकांची खरी नावं त्या कधी घ्यायच्या नाहीत. 'दवाखाना' आणि 'होडीवाला', एवढंच. थोरलीला दवाखाना लागायचा, म्हणजे त्यातल्या चुका काढायला लागायचा. धाकटीला होडीवाला. हा होडीवाला नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचा आणि एका भागात जेमतेम एक वाक्य बोलायचा. तेही पाठमोरा. शेवटी तह झाला: सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरलीचे; मंगळवार, गुरुवार धाकटीचे. त्यामुळे धाकटीला पाचातले दोनच भाग बघायला मिळायचे. मधलं काय झालं असेल ते ती मनानं जोडून घ्यायची.

मग आला जुन्या पर्वाचा शेवटचा गुरुवार. होडीवाला दिवसभर ज्या बाईची वाट बघत होता, ती आलीच नाही. त्यानं रिकामी होडी बांधून ठेवली. धाकटीच्या डोळ्यांना धार लागली. थोरलीचा दवाखाना त्या आठवड्यात बुडाला होता की काय, तिचं डोकं आधीच फिरलेलं. ती फटकन म्हणाली, "भाऊजी गेले तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि या नटासाठी रुमाल भिजवतेस?"

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. धाकटीचा नवरा.

मांडीवरचे वाटाणे धाकटीनं पातेल्यात ओतले, उठली, थोरलीच्या हातातला रिमोट घेतला आणि दोन नंबरचं बटण दाबलं. पहिल्यांदाच. मग आत गेली. माझी नोंद अशी: आठ वाजून एकोणीस मिनिटं, दोन नंबर उठले. कचेरीतल्या कुणाला वाटलं असेल, पाणी प्यायला गेली असेल बाई.

चार दिवसांनी धाकटीच्या भाचीचा फोन आला. तिला बाळ झालं होतं, मदतीला कुणी नव्हतं. धाकटीनं एक बॅग भरली. दारात थोरली म्हणाली, "गरम कपडे घेतलेस का?" धाकटी म्हणाली, "घेतले. महिन्याभरात येते, वहिनी." दोघींनाही दुसरंच काहीतरी बोलायचं होतं, हे मलासुद्धा कळलं, आणि मी तर डबा आहे.

पुढच्याच सोमवारी सगळ्या वाहिन्यांवर नवं पर्व सुरू झालं. थोरली सात वाजता खुर्चीत येऊन बसली. टीव्ही लावला. माझा दिवा लुकलुकला. तिचा अंगठा सवयीनं गेला: एक, दोन.

मग तिच्या लक्षात आलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं अंगठा पुन्हा दोनवर नेला, तिथं थोडा वेळ ठेवला, आणि उचलला. बटण तसंच राहिलं. एका बाईच्या घरात मी दोन बायका मोजल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं.

नव्या पर्वाबद्दल थोरलीची मतं मी तुम्हाला सांगू शकतो, कारण त्या दिवसांत ती ऐकणारा मी एकटाच होतो. ती मतं ती रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगायची.

सात वाजता जुळ्या बहिणींची मालिका. एकच नटी दोन्ही कामं करायची, एकदा केस बांधून आणि एकदा मोकळे सोडून. थोरली म्हणायची, "दोघी एकमेकींसमोर आल्या की एकीची पाठच दिसते. आणि बघ, एकीला सर्दी झालीय तर दुसरीचाही घसा बसलाय. हे बरं आहे, एका गोळीत दोन रोगी बरे."

साडेसातला वकीलबाई. ही कधीच खटला हरायची नाही. दर शुक्रवारी न्यायालयाचं दार धाडकन उघडायचं आणि साक्षीदार आत यायचा. "शुक्रवारीच कसा सापडतो गं हा? मंगळवारी आणला असता तर त्या निरपराध माणसाचे तीन दिवस कोठडीत गेले नसते. आणि कोट बघ तिचा. खांद्यात बसलाय का? तू असतीस तर उसवून हातात दिला असतास."

साडेआठला गाण्यांची स्पर्धा. परीक्षक प्रत्येक गाण्यानंतर रडायचे. ते रडायला लागले की थोरली आवाज बंद करायची. "बिचाऱ्या पोरीला सांगा तरी, चांगलं गायली की वाईट!"

आणि आठ वाजता? पहिल्या सोमवारी तिनं दवाखाना लावला, तिचाच वार होता. नव्या पर्वातल्या डॉक्टरला पाहून ती सावरून बसली. "स्टेथोस्कोप उलटा घातलाय कानात. काय ऐकू येणार, कपाळ! आणि ती सलाइनची बाटली बघ, गेल्या पर्वापासून तेवढीच भरलेली आहे. पोराच्या अंगात थेंब जात नाही, आणि आई उशाशी बसून गाणं म्हणतेय." एरवी असं म्हटलं की शेजारून फिस्सकन हसू यायचं. ते आलं नाही. थोरलीनं पाच मिनिटं वाट बघितली आणि वाहिनी बदलली. होडीवाला लावला.

मग तिनं जे केलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. तिनं एक नंबरचं बटण दाबून स्वतःला उठवलं. म्हणजे बसली होती तिथंच, खुर्चीत, डोळे पडद्याला लावून. पण माझ्या लेखी ती उठून गेली. दोन नंबर मात्र बसलेली राहिली.

"मी नाही हं बघत हा रटाळपणा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "तूच बघतेयस. तुझ्या एकटीच्या आवडीवर तर चाललंय हे सगळं. तू येईपर्यंत यांनी बंद केलं म्हणजे? पुन्हा माझ्या नावानं बोटं मोडशील."

हे असं रोज सुरू झालं. सात वाजता एक आणि दोन. आठ वाजता एक उठायची, दोन एकटी बसायची. साडेआठला एक परत. मंगळवार, गुरुवार तर सोडाच, तिनं पाचही दिवस होडीवाल्याला देऊन टाकले. आपला दवाखाना तिनं सोडला, तो सोडलाच. ज्या बाईनं घरात एक दिवस जास्तीचा दिला नव्हता, तिनं आठवडाच्या आठवडा दिला, आणि ज्या माणसाला दिला ते तिथं नव्हतं.

महिना झाला. धाकटी आली नाही. तिचा फोन यायचा, रविवारी सकाळी. बाळाला पोटदुखी आहे, काय द्यावं? थोरली औषध सांगायची, मात्रा सांगायची, कसं द्यायचं ते सांगायची. फोन संपायचा. कधी येतेस, हे तिनं विचारलं नाही. विचारलं आणि नाही आलं तर काय, ही भीती असावी. बटण दाबून ठेवलं तर निदान संध्याकाळपुरती धाकटी घरात असायची.

मोजणीवाला आला. "धाकट्या बाई दिसत नाहीत?"

"दुकानात गेलीय."

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. "धाकट्या बाई?"

"आत झोपलीय. डोकं धरलंय तिचं. हळू बोला."

तो हळू बोलला. माझी तार तपासली, चहा घेतला आणि गेला. थोरलीनं दार लावलं आणि कितीतरी वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिली. चाळीस वर्षांत रोग्याच्या नोंदीत तिनं कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. ताप मोजला नसेल तर मोजला नाही असंच लिहायची. हे ती धाकटीला अनेकदा ऐकवायची, अभिमानानं.

इकडे आठ वाजता वेगळंच घडायला लागलं होतं. पहिल्यांदा थोरली होडीवाल्याची टिंगल करायची. "बघ, आला तुझा माणूस. आज काय, बोलणार का पुढच्या वर्षी?" मग टिंगल कमी झाली. मग ती त्याच्याशीच बोलायला लागली. "अरे, पाय ओले आहेत तुझे, पुस ते." एका बुधवारी होडीवाल्याची म्हातारी आई आजारी पडली आणि तो नुसता तिच्या पायाशी बसून राहिला. थोरलीनं चष्मा काढला. तिचा अंगठा एक नंबरच्या बटणावर गेला. पण दाबलं नाही तिनं. हार मानणं तिच्या जिवावर यायचं, मग समोर डबा का असेना.

बाराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मोजणीवाला वेळेच्या आधीच आला. त्याच्या हातात कागद होता. तो बसला नाही.

"बाई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडच्या दोन नंबर आठ ते साडेआठ एकदाही उठत नाहीत. अकरा आठवडे. पाणी प्यायला नाही, दार उघडायला नाही, फोन घ्यायला नाही. आणि एक नंबर त्या वेळात कधीच नसतात."

"मग? शिस्तीची माणसं आहोत आम्ही."

"जिवंत माणूस इतका स्थिर बसत नाही, बाई. आमच्याकडे कुणीच बसत नाही."

थोरलीनं पदराशी चाळा केला नाही की नजर चुकवली नाही. खुर्चीत ताठ बसली आणि वॉर्डमधली चूक कबूल करावी तशी म्हणाली, "ती इथं नाही. अकरा आठवडे नाही. बटण मी दाबते."

मोजणीवाला बिचारा ओशाळला. पकडायला आला होता, पण पकडल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना. "मला वर कळवावं लागेल," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी डबा घेऊन जाईन. तुमच्या घराची सगळी नोंद बाद होईल."

"आणि ती मालिका? होडीवाल्याची?"

"एका घरानं काही होत नसतं, बाई."

"मग मोजता कशाला?"

तो चहा न घेता गेला.

त्या संध्याकाळी सात वाजता टीव्ही लागला, पण जुळ्या बहिणी काय बोलल्या ते थोरलीनं ऐकलं नसावं. वकीलबाईचा कोटही तिला दिसला नाही. आठ वाजले. होडीवाला सुरू झाला. तिनं दोन नंबरचं बटण दाबून धाकटीला उठवलं. एक नंबर तसंच ठेवलं.

"मी बघतेय," ती म्हणाली. कुणालाच नाही. शेजारच्या खुर्चीकडे तिनं त्या दिवशी बघितलंच नाही.

बुधवारी तिनं फोन केला. रविवार नसताना, स्वतःहून. तिला एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून ती फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची. त्यामुळे पुढचं सगळं मी शब्दन् शब्द ऐकलं.

"वहिनी? काय झालं? बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय! तुझा होडीवाला बोलायला लागलाय. काल सलग चार वाक्यं बोलला. ते सांगायला केला."

पलीकडून धाकटीचा तो हळू आवाज. "मी नाही हो बघत ते आता."

"नाही बघत?"

"इथं आठ वाजता बाळाला झोपवायचं असतं. टीव्ही बंद ठेवतात. आणि खरं सांगू का, वहिनी... तुम्ही त्या दिवशी तसं बोललात, मग मला बघवलंच नाही."

अकरा आठवडे. आणि वर एक सोमवार. छप्पन्न संध्याकाळी. मी एकही चुकवली नव्हती, मोजून होत्या माझ्याकडे. थोरलीनं समोरचा रिमोट उचलला, परत ठेवला.

"ऐक," ती म्हणाली. आवाजातली जरब गेली होती. "मी चुकले. नुसती बोलायला चुकले असं नाही. भाऊजी गेले तेव्हा वॉर्डात कामाला माझीच पाळी होती. तू कॉटजवळ उभी होतीस आणि तुझे ओठ थरथरायला लागले. मी तुला काय म्हणाले, आठवतंय?"

"आठवतंय."

"वॉर्डात रडायचं नाही म्हणाले. बाकीचे पेशंट घाबरतात म्हणाले. तू ऐकलंस माझं. आजवर ऐकत आलीस. आणि इतक्या वर्षांनी मीच वर तोंड करून तुला विचारते, रडली का नाहीस म्हणून. मला माफ कर गं."

फोनमधून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं, मग धाकटीनं त्याला थोपटल्याचं. ती रडत असावी. त्या घरात तिला कुणी मनाई केलेली नव्हती.

मग थोरलीनं विचारलं, "परत कधी येतेस?"

"भाची म्हणते इथंच राहा. तिला कामावर रुजू व्हायचंय, बाळाकडे बघायला कुणी नाही. मी..." धाकटी थांबली. "मी हो म्हटलंय, वहिनी. तुम्हाला रविवारी सांगणार होते. दोन रविवार झाले, सांगणार होते."

थोरली "बरं" म्हणाली. एवढंच. तो एक शब्द उच्चारायला तिला किती वेळ लागला, ते माझ्या काचेच्या पट्टीवरचं घड्याळ सांगू शकेल. मला नाही सांगवत.

फोन ठेवायची वेळ आली. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "काय म्हणाला तो?"

"कोण?"

"होडीवाला. चार वाक्यं म्हणालात ना."

थोरलीनं चारही वाक्यं सांगितली. जशीच्या तशी. मग धाकटी म्हणाली, "उद्या आठ वाजता करा फोन. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत असते. हळू बोलाल ना पण? तुमच्या आवाजानं उठेल ते."

गुरुवारी मला शेवटची संध्याकाळ मिळाली. आठला दोन मिनिटं कमी असताना फोन लागला होता. थोरली टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर. टीव्हीचा आवाज तिनं बारीक केला. माझा दिवा लुकलुकला. तिनं एक नंबर दाबलं. मग अंगठा दोनवर गेला आणि थांबला. खोटं आता बोलायचं नव्हतं. अंगठा सरकत शेवटच्या, पाहुण्यांच्या बटणावर आला.

"ती काय पाहुणी आहे?" ती स्वतःशीच पुटपुटली, आणि रिमोट खाली ठेवला.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला रोग्यांची हकिगत सांगते, तशी. दुसरी रीत तिला येतच नव्हती. "होडी काठाला. माणूस एकटा. चेहरा उतरलेला. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. शर्टाचं वरचं बटण तुटलंय."

"कुठल्या रंगाचा?"

"निळा. विटलेला. आता उठला. काठावर बाई आलीय एक. नाही, ती नव्हे. ही वेगळी. वल्हं उचललं. हा दम खातोय, मला वाटतं बोलणार."

"काय म्हणाला?"

"थांब ना. अजून नाही म्हणाला."

असं अर्धा तास चाललं. होडीवाला त्या दिवशी शेवटपर्यंत बोलला नाही. थोरली चिडली, कुजबुजत चिडली, "एवढा पगार घेतो आणि बोलायला काय जातं याचं!" आणि फोनमधून फिस्सकन हसू आलं. बाळ उठलं नाही. साडेआठला धाकटी म्हणाली, "ठेवते, वहिनी." थोरलीनं एक नंबर दाबून मला बंद केलं.

शुक्रवारी सकाळी मोजणीवाला आला. थोरलीनं त्याच्यासमोर स्पिरिटच्या बोळ्यानं मला पुसलं, तार नीट गुंडाळली, बटणांचा रिमोट वर ठेवून रबर लावला. इस्पितळातून बरा झालेला रोगी घरी पाठवावा तसं तिनं मला त्याच्या हातात दिलं. मी बरा झालेलो नव्हतो. तीन जिने उतरताना मी पिशवीत होतो, मागे वळून बघणं माझ्या नशिबात नाही.

आता मी गोदामात आहे. माझ्या पाठीवर 'नोंद बाद' अशी चिठ्ठी आहे. त्या घरातले सगळे आकडे पुसून टाकलेत. इथं टीव्ही नाही, म्हणून माझा दिवा लागत नाही, आणि कोण आहे हे मी कुणाला विचारू शकत नाही. आठ वाजता तो फोन अजून होतो की चार दिवसांत थांबला, होडीवाला चालू आहे की गुंडाळला, मला कळायला मार्ग नाही. एकटेपणा मी इतकी वर्षं दुसऱ्यांचा मोजत आलो. आता स्वतःचा मोजायला घेतलाय, पण पाठवायचा कुठे?

एक गोष्ट मात्र मनात डाचते. मी खोटे आकडे पाठवले तेव्हा लिहिलं होतं, बघणाऱ्या दोन. तेव्हा होती एक. त्या शेवटच्या गुरुवारी मी अगदी नियमानं, खराखुरा आकडा पाठवला: बघणारी एक. माझ्याकडे त्यापेक्षा वेगळं बटणच नव्हतं. तो आकडा आता कुणी दुरुस्त करणार नाही, पुसलाच गेलाय तो. म्हणून तुम्हाला विनंती करतो. तुम्ही कचेरीतले नाही, तुम्हाला नियम नाहीत. त्या गुरुवारी आठ ते साडेआठ त्या घरात कोण बघत होतं असं कुणी विचारलं, तर माझ्या वतीनं सांगा, दोघी.